कोणती फाइल? : एका प्रश्नाचा इतिहास

संगणकाचा इतिहास लिहिताना यंत्रे, कंपन्या आणि अब्जाधीश यांचीच चर्चा अधिक होते. कचेरीत बसून आकडे भरणाऱ्या माणसाची त्यात फारशी दखल घेतली जात नाही. पण संगणक ज्यांच्या हाती सर्वाधिक तास राहिला, ते शास्त्रज्ञ नव्हते. ते हिशेबनीस, कारकून, पगारपत्रक करणारे आणि साठ्याची नोंद ठेवणारे लोक होते. त्यांच्या रोजच्या कामातल्या एका छोट्या गोष्टीचा हा इतिहास आहे.

स्प्रेडशीटमध्ये मॅक्रो चालवला की पडद्यावर एक खिडकी उघडते. तिच्यात फोल्डर आणि फाइलींची यादी असते. खाली दोन बटणे असतात, एक ‘ओपन’ आणि दुसरे ‘कॅन्सल’. ‘कोणती फाइल घेऊ?’ एवढाच त्या खिडकीचा प्रश्न असतो. आपण फाइल निवडतो आणि काम पुढे सरकते. या प्रश्नामागे चार दशकांची खटपट आहे, हे बहुतेकांच्या गावीही नसते.

मॅक्रो म्हणजे काय, ते आधी थोडक्यात पाहू. दर महिन्याला तीच कामे त्याच क्रमाने करावी लागतात. बँकेकडून आलेली यादी उघडायची, नको ते रकाने काढायचे, बेरजा घ्यायच्या, तक्ता छापायचा. ही पावले एकदा लिहून ठेवली आणि यंत्राला ती पुन्हा पुन्हा करायला लावली की तो झाला मॅक्रो. अडचण एकच. पावले तीच राहतात, पण फाइल दर महिन्याला बदलते. मार्चची फाइल वेगळी, एप्रिलची वेगळी. मग मॅक्रो लिहिणाऱ्यापुढे दोन मार्ग उरतात. फाइलचे नाव प्रोग्राममध्येच कायमचे लिहून टाकायचे, किंवा ऐन वेळी समोरच्या माणसाला विचारायचे. वरवर ही तांत्रिक निवड वाटते. खरे तर निर्णय कोणाच्या हाती राहणार, हे तिथेच ठरते.

दोरा आणि रुमाल

‘फाइल’ या शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या दोरा या अर्थाच्या शब्दात आहे. युरोपातल्या कचेऱ्यांत कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवत, त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे कागद रुमालात बांधले जात. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, हे इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. ‘रुमाल’ फारसी. ‘दफ्तर’ हा शब्द ग्रीकमधल्या कातडे या अर्थाच्या शब्दापासून निघून अरबी-फारसीतून मराठीत आला. ‘कारकून’ फारसी, ‘फडणीस’ हे ‘फर्दनवीस’चे मराठी रूप. जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, तारीख हे हिशेबाचे शब्दही त्याच वाटेने आले आणि मराठीच्या घरात इतके रुळले की परके वाटत नाहीत.

दफ्तरात शेकडो रुमाल असले की कागद शोधणारा आधी विचारणार, कोणता रुमाल सोडू? संगणकाच्या पडद्यावरचा प्रश्न याच जातीचा आहे. फरक एवढाच, की दफ्तरातल्या माणसाला रुमालात काय आहे याची कल्पना असे. यंत्राला ती नसते. त्याला फक्त नाव कळते.

तिरकी रेघ आणि लोटसचे प्रश्नचिन्ह

वैयक्तिक संगणकावरची पहिली यशस्वी स्प्रेडशीट म्हणजे ‘व्हिसिकॅल्क’. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ती तयार केली आणि १९७९मध्ये ती ॲपल २ या संगणकासाठी बाजारात आली. तिच्यात फाइल उघडायची तर आधी तिरकी रेघ दाबायची, मग ‘स्टोरेज’चा एस, ‘लोड’चा एल आणि त्यानंतर फाइलचे नाव. उंदीर नव्हता, खिडक्या नव्हत्या आणि मॅक्रोही नव्हते.

२६ जानेवारी १९८३ रोजी ‘लोटस १-२-३’ आले. मिच केपर यांची कंपनी आणि जोनाथन सॅक्स यांचे प्रोग्रामिंग. आयबीएम पीसी कचेऱ्यांत शिरला, त्यात या प्रोग्रामचा वाटा मोठा होता. लोटसमध्ये पडद्याच्या वरच्या पट्टीत फाइलींची नावे ओळीने दिसत. बाणाच्या कळीने नावावर जायचे आणि एंटर दाबायचे.

मॅक्रोची सोयही लोटसने सामान्य माणसाच्या हाती दिली. तिची कल्पना अगदी साधी होती. आपण ज्या कळा दाबतो, त्याच एका सेलमध्ये ओळीने लिहून ठेवायच्या. त्या सेलला एका अक्षराचे नाव द्यायचे. मग ऑल्ट आणि ते अक्षर दाबले की यंत्र त्या कळा स्वतःच दाबत जाई. कंपनीने या सोयीला सुरुवातीला ‘टायपिंगला पर्याय’ असे साधे नाव दिले होते. ते नाव प्रामाणिक होते, कारण मॅक्रो म्हणजे एक अदृश्य बोट होते, बाकी काही नाही.

या अदृश्य बोटाला मध्येच थांबवून माणसाला विचारायचे कसे? लोटसने त्यासाठी महिरपी कंसातले एक प्रश्नचिन्ह ठेवले. कळांच्या ओळीत हे चिन्ह आले की मॅक्रो थांबे. समोरचा माणूस हवे ते करी आणि त्याने एंटर दाबला की मॅक्रो पुढे चाले. फाइल उघडण्याच्या कळांनंतर हे चिन्ह टाकले, की यादी पडद्यावर येई आणि यंत्र वाट बघत बसे. स्प्रेडशीटच्या मॅक्रोने माणसाला ‘कोणती फाइल?’ असे विचारायला सुरुवात केली ती अशी.

या प्रश्नचिन्हात एक उणीव होती. थांबलेल्या वेळात माणूस काय करील यावर मॅक्रोचा काहीच ताबा नसे. त्याने भलतीच कळ दाबली तरी एंटरनंतर मॅक्रो निमूटपणे पुढे जाई आणि सगळे ठीक झाले असे धरून चाले. शिवाय जुन्या लोटसमध्ये एका वेळी एकच वर्कशीट उघडी राही. मॅक्रोने नवी फाइल उघडली की जुनी जाई आणि तिच्याबरोबर मॅक्रोही जाई. म्हणून जाणकार लोक फाइल उघडण्याऐवजी ‘कंबाइन’ ही आज्ञा वापरून दुसऱ्या फाइलमधले आकडे आपल्या शीटमध्ये ओढून घेत. हे शहाणपण विद्यापीठात शिकवले जात नव्हते. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, एका कारकुनाकडून दुसऱ्याकडे ते जात होते.

‘कॅन्सल’ला मान देणारे यंत्र

१९८४च्या जानेवारीत ॲपलने मॅकिन्टॉश आणला. त्यात एक महत्त्वाची गोष्ट होती. फाइल निवडण्याची खिडकी प्रत्येक प्रोग्रामने आपापली बनवायची नव्हती. ती यंत्राच्या मूळ व्यवस्थेतच होती. ‘स्टँडर्ड फाइल पॅकेज’ असे तिचे नाव. ‘ओपन’ आणि ‘कॅन्सल’बरोबर फ्लॉपी बाहेर काढण्याचे ‘इजेक्ट’ आणि दुसऱ्या ड्राइव्हकडे जाण्याचे ‘ड्राइव्ह’ अशीही बटणे तिच्यात होती.

या खिडकीकडून प्रोग्रामला जे उत्तर मिळे, त्याचे वेगवेगळे भाग होते. फाइलचे नाव वेगळे, आणि माणसाने होकार दिला की नकार, हे सांगणारा एक खरे-खोटे असा भाग वेगळा. त्या भागाचे नाव ‘गुड’ असे होते. माणसाने ‘कॅन्सल’ दाबले तर तो खोटा ठरे. म्हणजे नकार हेही एक रीतसर उत्तर आहे आणि त्याची जागा नावापासून वेगळी असली पाहिजे, हे तिथे मान्य केलेले होते. पुढे याच मुद्द्यावर हजारो मॅक्रो अडखळणार होते.

मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सेल’ पहिल्यांदा आले ते विंडोजवर नव्हे, तर १९८५च्या सप्टेंबरमध्ये याच मॅकिन्टॉशवर. विंडोजवर ते १९८७मध्ये पोचले. एक्सेलच्या जुन्या मॅक्रो शीटमध्ये प्रत्येक आज्ञा एखाद्या सूत्रासारखी लिहिली जाई. ‘ओपन’ लिहून कंसात नाव दिले की ती फाइल उघडे. पण ‘ओपन’नंतर प्रश्नचिन्ह टाकले की खिडकी उघडे आणि माणसाला विचारले जाई. लोटसच्या आणि एक्सेलच्या मॅक्रोंची घडण अगदी निराळी होती. तरी माणसाला विचारण्यासाठी दोघांनीही एकच चिन्ह घेतले.

विंडोजमध्ये मात्र बराच काळ प्रत्येक कंपनी फाइल निवडण्याची खिडकी आपापल्या पद्धतीने करत होती. एप्रिल १९९२मध्ये आलेल्या विंडोज ३.१ने सर्वांना वापरता येईल अशी सामायिक खिडकी दिली. एका प्रोग्राममध्ये शिकलेली सवय दुसऱ्यात कामी येऊ लागली. पन्नाशीत संगणक शिकणाऱ्या कारकुनासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

बेसिकचे आगमन

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एक्सेलला नव्या मॅक्रो भाषेची गरज भासू लागली. त्या कामावर जोएल स्पोल्स्की नावाचा तरुण प्रोग्राम मॅनेजर होता. त्याने सुमारे ५०० पानांचा आराखडा लिहिला आणि १९९२मध्ये तो बिल गेट्स यांच्यापुढे गेला. स्पोल्स्कीने पुढे या बैठकीची हकिकत लिहिली आहे. गेट्स यांनी पानापानावर समासात शेरे मारले होते आणि प्रश्न विचारत विचारत ते तारखांपर्यंत आले. बेसिक आणि एक्सेल तारखा एकाच पद्धतीने मोजतात का? उत्तर होते, १९००च्या जानेवारी आणि फेब्रुवारीचा अपवाद सोडला तर हो. कारण लोटसने १९०० हे लीप वर्ष धरले होते, जे ते नव्हते, आणि जुन्या फाइली जुळाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक तशीच उचलली होती. पिढ्यांमागची चूक पुढच्या वहीत कशी उतरते, याचा हा छापील दाखला.

त्या आराखड्यातून निघालेली ‘व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स’, म्हणजे व्हीबीए, १९९३मध्ये एक्सेल ५बरोबर आली. फाइल विचारण्यासाठी तिच्यात ‘गेट-ओपन-फाइलनेम’ ही आज्ञा होती. तिचा विशेष असा, की ती फाइल उघडत नाही. ती फक्त विचारते आणि निवडलेल्या फाइलचा पूर्ण पत्ता आणून देते. पुढे काय करायचे ते मॅक्रो ठरवतो. विचारणे आणि करणे यांची ही फारकत फार मोलाची होती. फाइल हाती घेण्याआधी तिचे नाव तपासायला, प्रकार पाहायला, नको असेल तर थांबायला आता वाव मिळाला. कोणत्या प्रकारच्या फाइली दाखवायच्या, खिडकीवर शीर्षक काय लिहायचे, हेही सांगता येऊ लागले. तिच्यात बटणावरचा मजकूर बदलण्याचीही जागा आहे, पण ती फक्त मॅकिन्टॉशवर चालते. विंडोजवर लिहिणाऱ्याला ती जागा रिकामी सोडावी लागते.

पण नकाराच्या बाबतीत हे पाऊल मागे गेले. माणसाने ‘कॅन्सल’ दाबले तर ही आज्ञा पत्त्याच्याच जागी ‘फॉल्स’ हे मूल्य परत देते. लिहिणाऱ्याने उत्तर ठेवायला मजकुराचा डबा घेतला असेल, तर ‘फॉल्स’ हा चक्क शब्द बनतो. मग बिचारे एक्सेल ‘फॉल्स’ नावाची फाइल शोधत सुटते आणि ती सापडत नाही म्हणून तक्रार करते. काहींनी यावर उपाय म्हणून उत्तराची तुलना ‘फॉल्स’ या इंग्रजी शब्दाशी केली. ते मॅक्रो जर्मन भाषेच्या संगणकावर कोसळले, कारण तिथे त्या मूल्याचा मजकूर ‘फाल्श’ असा होतो. खरा उपाय म्हणजे उत्तर कोणतेही मूल्य मावेल अशा डब्यात घ्यायचे, आणि पुढे जाण्याआधी ते मजकूर आहे की खरे-खोटे, हे पाहायचे.

२००१मध्ये आलेल्या ऑफिस एक्सपीने ‘फाइल-डायलॉग’ ही दुसरी सोय दिली. इथे होकार-नकार पुन्हा वेगळा झाला. खिडकी बंद झाली की होकाराला उणे एक आणि नकाराला शून्य मिळते, आणि निवडलेल्या फाइलींची यादी स्वतंत्र राहते. फाइलीऐवजी अख्खे फोल्डर निवडण्याची सोयही तिच्यात आली. मॅकिन्टॉशच्या ‘गुड’ या भागाने १९८४मध्ये जे सांगितले होते, तिथे एक्सेलचा मॅक्रो सतरा वर्षांनी पोचला.

न विचारणारे मॅक्रो

जो मॅक्रो माणसाला विचारू शकतो, तो न विचारताही काम करू शकतो. जुलै १९९६मध्ये एक्सेलचा पहिला पसरणारा मॅक्रो विषाणू सापडला. त्याचे नाव ‘लॅरू’. त्यात दोनच मॅक्रो होते. एक फाइल उघडताच आपोआप चालणारा, दुसरा फाइली तपासणारा. माणसाने एखादी वर्कबुक उघडली की हा विषाणू एक्सेलच्या सुरुवातीच्या फोल्डरमध्ये आपली प्रत ठेवी आणि पुढे उघडणाऱ्या वर्कबुकांत शिरे. त्याने आकडे पुसले नाहीत. पण कोणती फाइल घ्यायची हा निर्णय त्याने माणसाकडून काढून घेतला.

या प्रश्नाची खोल बाजू नॉर्म हार्डी यांनी १९८८मध्ये एका छोट्या लेखात मांडली होती. टाइमशेअर या कंपनीच्या संगणकावर एक कंपायलर होता. त्याला स्वतःच्या नोंदी लिहिण्यासाठी एका खास फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार दिलेला होता. त्याच फोल्डरमध्ये ग्राहकांच्या बिलांची फाइलही होती. एका वापरकर्त्याने आपला मजकूर साठवण्यासाठी कंपायलरला नेमके त्या बिलांच्या फाइलचे नाव दिले. कंपायलरने स्वतःचा अधिकार वापरून तिथे लिहिले आणि बिलांची माहिती गेली. हार्डी यांनी अशा प्रोग्रामला ‘गोंधळलेला मुनीम’ म्हणता येईल असे नाव दिले. नाव एकाने दिले, अधिकार दुसऱ्याचा वापरला गेला.

यावरचा उत्तम उपाय फाइल निवडण्याच्या खिडकीतूनच निघाला. मॅक ॲप स्टोअरमधल्या प्रोग्रामना २०१२पासून बंदिस्त राहण्याची सक्ती झाली. असा प्रोग्राम आपल्या मर्जीने कुठल्याही फाइलला हात लावू शकत नाही. खिडकी यंत्रणा उघडते, निवड माणूस करतो, आणि निवडलेल्या फाइलपुरताच अधिकार प्रोग्रामला मिळतो. मॅकवरचे ऑफिस २०१६ही असेच बंदिस्त झाले आणि तिथल्या मॅक्रोंना फाइलीसाठी परवानगी मागावी लागू लागली. निवड हीच परवानगी ठरली. २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली.

देवनागरीची प्रश्नचिन्हे

मराठीत काम करणाऱ्यांना या इतिहासात आणखी एक प्रश्नचिन्ह भेटते. एक्सेलच्या सेलमध्ये देवनागरी व्यवस्थित लिहिता येते. फाइलला ‘मार्च पगार’ असे नाव देता येते. पण व्हीबीए लिहिण्याचा एडिटर युनिकोडच्या आधीच्या काळात घडला आणि तिथेच थांबला. विंडोजमध्ये देवनागरीला जुन्या पद्धतीचे सांकेतिक पान मिळालेच नाही. ती थेट युनिकोडमध्ये आली. त्यामुळे त्या एडिटरमध्ये ‘फाइल निवडा’ असे लिहिले की त्याची प्रश्नचिन्हांची रांग होते.

यातून वाट आहे. मराठी मजकूर एखाद्या सेलमध्ये लिहून ठेवायचा आणि मॅक्रोने तो तिथून उचलून खिडकीच्या शीर्षकाला द्यायचा. व्हीबीएच्या पोटात मजकूर युनिकोडच असतो, म्हणून हे चालते. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. फोल्डरमधल्या फाइलींची नावे स्वतः वाचणारी ‘डिर’ ही जुनी आज्ञा देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे देते. खिडकीतून माणसाने निवडलेले नाव मात्र शाबूत येते. जिथे यंत्राला आपली लिपी वाचता येत नाही, तिथे माणसाला विचारले तरच काम होते.

प्रश्न गाळला की

फाइलचे नाव प्रोग्राममध्ये कायमचे लिहून ठेवणे सोपे वाटते. पण मार्चची फाइल तशीच पडून राहिली आणि एप्रिलची दुसऱ्या नावाने आली, तर मॅक्रो मार्चचेच आकडे निष्ठेने पुन्हा मोजतो. रजेचे दिवस चुकतात, कंत्राटी कामगाराचा पगार कापला जातो, आणि खिडकीवर गेलेल्या माणसाला ‘कॉम्प्युटरमध्ये असेच आहे’ असे उत्तर मिळते.

इंग्लंडमध्ये २०२०च्या साथीत काय घडले, ते आठवावे. प्रयोगशाळांकडून आलेल्या मजकूर फाइली आपोआप एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलींत ओतल्या जात. त्या प्रकारात ६५,५३६ ओळींची मर्यादा आहे. नव्या प्रकारात २००७पासून दहा लाखांहून अधिक ओळी मावतात. मर्यादा भरली आणि पुढच्या ओळी गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित अहवालातून राहून गेले. त्या लोकांना स्वतःच्या चाचणीचा निकाल मिळाला होता. पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध वेळेवर सुरू झाला नाही. मधल्या टप्प्यावर यंत्राने कोणाला काही विचारले नाही आणि काही सांगितलेही नाही.

दुसरी बाजूही आहे. २०१२मध्ये जेपी मॉर्गन या बँकेला लंडनमधल्या व्यवहारांत सहा अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. जोखीम मोजण्याचे काम एक्सेलच्या अनेक शीटवर चाले, आणि आकडे एका शीटमधून दुसरीत हाताने उचलून चिकटवले जात, असे बँकेच्याच चौकशी अहवालात २०१३मध्ये नोंदले गेले. इथे माणूस प्रत्येक टप्प्यावर हजर होता. तरी चूक झाली. म्हणजे माणसाला नुसते बसवून ठेवले की काम बिनचूक होते, असे मानता येत नाही.

या दोन घटना फाइल निवडण्याच्या खिडकीने घडवल्या नाहीत आणि तिने टाळल्याही नसत्या. त्यांचा धडा वेगळा आहे. योग्य जागी नेमका प्रश्न विचारला पाहिजे, आणि आलेल्या उत्तराची तपासणी झाली पाहिजे. चांगला मॅक्रो फाइल विचारतो, नकार आला तर शांतपणे थांबतो, निवडलेल्या फाइलमध्ये अपेक्षित रकाने आहेत का ते पाहतो, किती ओळी वाचल्या ते सांगतो. आणि शेवटी एका कोपऱ्यात लिहून ठेवतो, की अमुक तारखेला, अमुक फाइल घेतली, इतक्या ओळी आल्या. जुन्या दफ्तरांत कागदावर तारीख आणि हाताची ओळख राहत असे, म्हणून तर इतिहासकारांना आज ते वाचता येतात. आजच्या कचेऱ्यांत अशी नोंद बहुधा नसते. आकडा असतो, पण तो कोणत्या फाइलमधून आला हे सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही.

आता स्वयंचलित यंत्रणा फोल्डरे स्वतः चाळतात, फाइली स्वतः उचलतात आणि अहवाल तयार करून समोर ठेवतात. वेळ वाचतो हे खरेच आहे. मात्र ज्या आकड्यावर कोणाचे रेशन, कोणाचा पगार किंवा कोणाचे नाव मतदारयादीत राहणार हे ठरते, तिथे हा प्रश्न गाळता येणार नाही. ‘कोणती फाइल?’ या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस त्या आकड्याची जबाबदारी घेत असतो. प्रश्न काढून टाकला की आकडा तयार होतच राहतो. पण चूक झाल्यावर जाब कोणाला विचारायचा, हे सांगणारी नोंद कुठेच राहत नाही.